सिकलसेल आणि डीएनएचा नकाशा

आमगावच्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. हाडे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होते. हे सारे डीएनएच्या एका अक्षराने घडते.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ती सलग वाचता येत नाहीत. म्हणून मानवी जीनोम प्रकल्पात (१९९० ते २००३) डीएनएचे लाख-दीड लाख अक्षरांचे तुकडे करून ते जिवाणूंमध्ये वाढवले. हे क्लोन. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या जागी फाडल्या, तर काही ओळी दोन तुकड्यांत सारख्याच सापडतात. अशा सारख्या खुणा जुळवून क्लोनचा क्रम लावला. हाच नकाशा. अक्षरे त्याच्या आधारे वाचली.

या नकाशात सिकलसेलची जागा ११ व्या गुणसूत्रावर आहे. तिथे 'ए'ऐवजी 'टी' येतो. हा मागल्या जन्मीचा भोग नाही, कुणाची करणीही नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता ४ पैकी १.

म्हणून पत्रिका नको, लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. वाहक की रुग्ण, हे त्यातूनच कळते.