नळीतला बुडबुडा

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर सकाळी पोहणाऱ्यांची झुंबड असते, आणि त्याच सकाळी पेपरात त्याच नदीच्या प्रदूषणाची बातमी. हा काय प्रकार आहे ते बघावं म्हणून पाण्याचे नमुने घेणाऱ्या एका तंत्रज्ञाबरोबर घाट उतरलो.

त्याने दोन बाटल्या काढल्या. एक काचेच्या बुचाची, दुसरी निर्जंतुक, कागदात गुंडाळलेली. ही दुसरी त्याने प्रवाहाला सामोरी धरून बुडवली. म्हणाला, "आपल्या हाताचे जंतू नदीच्या नावावर नकोत."

पायरीवर अंग पुसत बसलेल्या मामांनी विचारलं, "काय सायेब, पवायचं का न्हाई?"

"अडीच हजाराच्या आत आलं तर पोहा."

विष्ठेतून आलेल्या जंतूंचा हा हिशेब. १०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे जेमतेम अर्ध्या पेल्यात, ते ५०० पर्यंत असावेत; आंघोळीच्या पाण्याला फार तर २५०० चालतात. मामांना हे पटेना. "वास न्हाई, फेस न्हाई, मासं मरून वर आल्यात का? मग पाणी बेस हाय."

तंत्रज्ञाने पहिल्या बाटलीत दोन रसायनं सोडली आणि आत तपकिरी ढग उतरू लागला. ऑक्सिजन संपलेला असता तर तो पांढराच राहिला असता. म्हणजे माशांपुरतं मामांचं खरं होतं. मी त्या ढगाकडे बघत राहिलो. इतकं सुरेख रंगलेलं पाणी जुलाब लावेल, यावर माझाही विश्वास बसेना. पण जयंती नाला याच नदीला येऊन मिळतो. त्याचं सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. उपसा कमी पडला की ते नदीत उतरतं. खाली इचलकरंजीत २०१२ साली काविळीने माणसं दगावली, तीही नदीच्या काठचीच.

दुसरी बाटली प्रयोगशाळेत गेली. तिथे नळ्यांची चळत होती. प्रत्येक नळीत एक इवलीशी नळी उपडी. जंतू वाढले की वायू होतो आणि या उपड्या नळीत अडकतो. त्यासाठी ४८ तासांपर्यंत थांबायचं, मग वायू धरलेल्या नळ्यांतला थेंब नव्या नळीत घालून ४४.५ अंशांवर पुन्हा तपासायचं. किती नळ्यांनी बुडबुडा धरला त्यावरून आकडा काढतात. मला दाखवलेल्या नळ्यांतल्या बऱ्याच बुडबुड्यांच्या होत्या. तेवढ्यावर अडीच हजाराचा निकाल लागत नाही. मी मात्र त्या पाण्यात पायापलीकडे काही भिजवणार नाही.

आणि निकाल लागेपर्यंत मामा रोज पोहतच असणार. पुन्हा गाठ पडली तेव्हा ते ओलेच होते. बुडबुड्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "आन् त्यो अडीच हजाराचा कागद जातोय कुठं?"

"ऑफिसात."

"ऑफिसात कोन पवतंय?"