उशीर काय, माफ होतोच!

जालन्याच्या कोर्टात भूसंपादनाची फाईल काखेत मारून आलेल्याला पारावरचे सल्लागार एकच सांगून पाठवतात : मुदत गेली तर विलंब माफीचा अर्ज टाकायचा, कोर्ट माफ करतंच. या ‘च’नं अनेकांचा वाढीव मोबदला बुडवला आहे.

2013च्या भूसंपादन कायद्याचं कलम 64 बघा. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज सहा आठवड्यांत हवा. हजर नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. पुढे दार बंद. 1894च्या कायद्यात तर एवढीही सवड नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 1996मध्ये ते स्पष्टच केलं.

शहागडवरून जाणाऱ्या धुळे-सोलापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गाचं गणित आणखी कडक. तिथे मोबदल्याबाबत लवादानं दिलेल्या निवाड्याला जिल्हा न्यायालयात आव्हान द्यायला तीन महिने, कारण पटलं तर वर 30 दिवस. एकतिसाव्या दिवशी रडून उपयोग नाही.

मग हा समज आला कुठून? अपिलांमधून. तिथे उशीर माफ करू देणारं मुदत कायद्याचं कलम 5 लागू होतं आणि न्यायालयं खरोखर उदार असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1987च्या कातिजी निकालाचा दाखला सगळे देतात. त्यात उशीर अवघा चार दिवसांचा होता, हे मात्र कुणी सांगत नाही! 2013च्या बसवराज प्रकरणात जमीन गेलेल्यांनी सुमारे साडेपाच वर्षांनी अपील केलं, कारण दिलं आजारपणाचं. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. ‘अर्जदार अडाणी असून आजारी होता’ एवढी ओळ टाइप करून, ना दवाखान्याचा कागद, ना तारखा, असा अर्ज देणाऱ्यानं हा निकाल जरूर वाचावा. शिवाय माफी मिळाली तरी ती फुकट नसते : हरियाणातल्या शेतकऱ्यांचा उशीर 2014मध्ये माफ झाला, पण उशिराच्या काळाचं व्याज गेलं.

बाकीचे समज किरकोळ. सरकारला कितीही उशीर चालतो? 2012मध्ये टपाल खात्याचं 427 दिवस उशिराचं अपील फेटाळलं गेलं. मुदतीचा शेवटचा दिवस रविवार आला? सोमवारी कोर्ट उघडताच दाखल करा, चालतं. अपिलाच्या मुदतीतून निकालाच्या नकलेचे दिवस वजा होतात, पण नक्कल तयार होईपर्यंतचेच. ती आणायला केलेला आळस त्यात धरत नाहीत. समोरच्यानं हरकत घेतली नाही, तरी मुदतीबाहेरचा दावा कोर्टाला फेटाळावाच लागतो. आणि करोनाकाळातले दिवस मुदतीत न धरण्याची सवलत 28 फेब्रुवारी 2022लाच संपली.

तेव्हा नोटीस हातात पडली की पाकिटासकट जपा, त्यावर मिळाल्याची तारीख घाला आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.