विजेचा हिशेब

पूर्वी घरोघरी कंदील असत. संध्याकाळ झाली की काच पुसायची, वात कापायची आणि बाटलीतील रॉकेल बेताने ओतायचे, हे काम बहुधा मुलांकडे असे. बाटलीतील तेल डोळ्यांना दिसे. ते तळाशी गेले की महिन्याचे किती दिवस उरले आहेत याची थोरांना आपोआप आठवण होई आणि वात खाली केली जाई. विजेचे तसे नाही. बटण दाबताच खोली उजळते, पंखा फिरू लागतो. परंतु वीज किती आली आणि किती खर्ची पडली, हे दिसत नाही. महिन्याने बिल हाती पडते तेव्हाच तो आकडा कळतो, आणि वापरलेली वीज तर परत करता येत नाही. म्हणून न दिसणाऱ्या या वस्तूचा हिशेब ठेवण्याची विद्या प्रत्येक घराला अवगत असावी.

दूध लिटरने मोजतात, धान्य किलोने मोजतात. तशी वीज युनिटने मोजतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. त्यांना तासांनी गुणावे आणि १००० ने भागावे, म्हणजे युनिट मिळतात. ७५ वॅटचा पंखा रोज ८ तास फिरला, तर दिवसाला ६०० वॅट-तास आणि ३० दिवसांत १८ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला, तर महिनाभरात दीड युनिटही होत नाही. उलट पाणी तापवणारा २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासातच एक युनिट वीज घेतो. जेथे उष्णता निर्माण करायची असते, तेथे वीज फार लागते, हे यावरून ध्यानात येईल.

आता बिलाकडे वळू. बिलावर मीटरचे दोन आकडे असतात : मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. दुसऱ्यातून पहिला वजा केला की त्या महिन्याचे युनिट मिळतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढे ३०० पर्यंत अधिक आणि त्याहून पुढे आणखी अधिक, अशी ही रचना आहे. १०० ची मर्यादा ओलांडली म्हणून सर्वच युनिट महाग होतात असे मात्र नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. या वीज आकाराखेरीज बिलात स्थिर आकार असतो. एकही युनिट जाळले नाही तरी तो द्यावा लागतो. वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार आणि राज्य शासनाचे वीज शुल्कही त्यात मिळवलेले असते. शेवटी बिल भरण्याची अंतिम तारीख दिलेली असते. ती चुकली की विलंबाचा आकार वाढतो.

हे ज्ञान किती उपयोगी पडते, हे एका उदाहरणावरून कळेल. एका लहान गावात शिवणकाम करणारी एक बाई आणि सातवीत शिकणारी तिची मुलगी राहत आहेत, असे समजू. घरात दोन दिवे, दोन पंखे, एक दूरदर्शन संच, शिलाई यंत्राची मोटर आणि इस्त्री एवढीच उपकरणे. दिवाळी तोंडावर आली आहे आणि शिवायचे कपडे साचले आहेत. अशा वेळी बिल येते, ते ४५२ युनिटांचे! एरवीच्या बिलाच्या ते कितीतरी पट आहे. मुलीच्या वह्यापुस्तकांसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढावेत आणि उरलेले शेजारणीकडून उसने घ्यावेत, असे आईच्या मनात येते. वीज तुटली तर सणाची सगळी कमाई बुडेल, ही तिची धास्ती.

मुलगी म्हणते, "आई, आपण आधी हिशेब तर करून पाहू या."

"अगं, छापील कागदावरचा आकडा चुकीचा कसा असेल?" आई म्हणते.

मुलगी पाटीवर आकडे मांडते. दोन पंख्यांचे ३६ युनिट, दिव्यांचे सुमारे ३, दूरदर्शन संचाचे ५ ते ६, मोटरचे १२ आणि रोज तासभर चालणाऱ्या इस्त्रीचे ३०. एकूण होतात सुमारे ८६. मग ४५२ कोठून आले? ती मीटरपाशी जाते. बिलावर मागील रीडिंग ४२८६ आणि चालू रीडिंग ४७३८ असे आहे. मीटरवर मात्र ४३७८ हा आकडा दिसतो. नोंद घेताना ३ आणि ७ यांची अदलाबदल झालेली आहे! खरा वापर ९२ युनिटांचा. ३६० युनिट निव्वळ चुकीचे.

येथे आकडेमोड संपते आणि व्यवहार सुरू होतो. आईने मीटरचे छायाचित्र आणि बिल घेऊन वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले टिकते. कायदाही अशा ग्राहकाच्या पाठीशी आहे. विद्युत अधिनियम, २००३ अन्वये थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तसेच बिलाविषयी वाद असल्यास, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे बिल फाडून टाकणे जसे योग्य नाही, तसे घाबरून ते निमूट भरणेही योग्य नाही.

बिल भरण्याचे मार्ग आज अनेक आहेत. भरणा केंद्रावर रोख पैसे देता येतात. तेथे रांगेत वेळ जातो, पण पावती तत्काळ हाती पडते. धनादेश दिला, तर तो वटण्यास लागणारे दिवस धरून आधीच द्यावा लागतो. मोबाइलवरून घरबसल्या पैसे भरता येतात. मात्र ग्राहक क्रमांक नीट तपासावा, नाहीतर आपल्या पैशांनी दुसऱ्याचे बिल भरले जायचे. दरमहा खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्याची सूचनाही बँकेला देता येते. ज्याला ठरलेल्या तारखेस पगार मिळतो, त्याला ही पद्धत सोयीची आहे, कारण तारीख चुकत नाही. परंतु खात्यात शिल्लक हवी आणि बिल वाचण्याची सवयही सुटता कामा नये. वरील उदाहरणातील ४५२ युनिटांचे पैसे असे परस्पर वळते झाले असते, तर चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशातलीच ती गत!

ज्यांची मिळकत रोजची किंवा हंगामी असते, त्यांनी वर्षभराच्या बिलांची बेरीज करून तिला ५२ ने भागावे आणि तेवढे पैसे दर आठवड्यास बाजूला ठेवावेत. उन्हाळ्यात पंखे अधिक फिरतात, तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडते. एवढे करूनही रक्कम जमली नाही, तर अंतिम तारीख उलटण्यापूर्वीच कार्यालयात जाऊन हप्ते बांधून मिळण्याविषयी विनंती करावी.

एका फसवणुकीपासून मात्र सावध असावे. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा," असे संदेश लबाड लोक मोबाइलवर धाडतात. भेदरलेला माणूस फोन करतो आणि खाते रिकामे करून बसतो. १५ दिवसांच्या लेखी नोटिशीचा नियम ज्याला ठाऊक आहे, तो अशा धमकीला भीक घालणार नाही.

काटकसर म्हणजे अंधारात बसणे नव्हे. अभ्यासाला दिवा हवाच, उकाड्यात आजारी माणसाला वारा हवाच. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही. महिन्याच्या ठरावीक दिवशी मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवणे, हे काम अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहज जमण्याजोगे आहे. कंदिलाची काच पुसणारी मुले घराचा उजेड सांभाळीत. वही घेऊन मीटरपाशी उभी राहणारी मुलेही तेच करीत असतात.