महापूर आणि दहा रुपये

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली होती, आठवतंय? जलदूत! तहानलेल्या लातूरसाठी पन्नास डब्यांची गाडी भरून कृष्णेचं पाणी जायचं, एका खेपेला 25 लाख लिटर. तीनच वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, त्याच कृष्णेला महापूर आला. चला, तो महापूर आपण याच गाडीने मोजू या.

कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेवरच्या धरणातून लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग सुरू होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28.3 लिटर. लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लाख 30 हजार लिटर. म्हणजे जलदूतची अख्खी गाडी एका सेकंदात काठोकाठ भरली, आणि वर तीन लाख लिटर उरलं! एक, दोन, तीन म्हणा. तीन गाड्या गेल्यासुद्धा.

आता आणखी खाली कर्नाटकात जाऊ. त्या दिवसांत कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणातून होणारा विसर्ग पाच लाख क्युसेकच्या पुढे गेला. सेकंदाला साडेपाच गाड्या. मिनिटाला 340 गाड्या. एक डबा 12 मीटरचा धरा, म्हणजे गाडी 600 मीटरची. अशा 340 गाड्या एकीला एक जोडल्या तर लांबी भरते 204 किलोमीटर. मुंबई ते पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा! छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशनापर्यंत, घाट, बोगदे, पूल सगळं धरून, रुळावर इंचभर मोकळी जागा न ठेवता उभी असलेली पाण्याची एकच गाडी. आणि ती मिनिटाला एक! तुम्ही हा परिच्छेद वाचलात तेवढ्यात एक गेली.

एवढं पाणी आलं कुठून? आभाळातून. कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ 7,685 चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे एका दिवसात नुसता चार इंच पाऊस पडला असं धरा. गगनबावडा, राधानगरीकडच्या माणसाला चार इंचांचं काय कौतुक! पण हिशेब करा: सुमारे 78,000 कोटी लिटर, म्हणजे साडेसत्तावीस टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). कोयना धरणाची सारी क्षमता 105 टीएमसी. म्हणजे एका जिल्ह्यावर पडलेल्या चार इंचांत पाव कोयना! आता हेच पाणी विहिरींत ओता. वीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल, चांगली बांधीव विहीर घ्या. अशा साडेसतरा लाख विहिरी भरतील. आणि 2019 मध्ये पाऊस एका दिवसावर थांबला नाही.

म्हणून मग कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, तिथे कृष्णा 57 फुटांच्या वर चढली. धोक्याच्या खुणेवर आणखी बारा फूट, म्हणजे एक अख्खा मजला! चार लाखांहून अधिक माणसांना घर सोडावं लागलं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला तर जीव वाचवायला निघालेल्या माणसांची नावच उलटली. तिथे गेलेल्या जिवांना कुठलंच माप लागू नाही.

जी माणसं सुटून आली, त्यांना पहिल्या संध्याकाळी काय हवं? भाकरी. एका माणसाला एका जेवणाला दोन भाकऱ्या, दिवसाला दोन जेवणं, माणसं चार लाख. दिवसाला 16 लाख भाकऱ्या! आठ इंची भाकरी एकीला एक लावून मांडत चला. मुंबईहून निघालेली ही रांग पुण्याला पोचते, तिथून वळते, कर्जत मागे टाकते, बदलापूरही ओलांडते, आणि मग कुठे संपते. हा फक्त एका दिवसाचा शिधा. किलोला दहा भाकऱ्या धरल्या तर पीठ लागतं 1,600 क्विंटल. ज्वारी 40 रुपये किलोने धरली तर 64 लाख रुपये. उद्या पुन्हा 64 लाख. परवा पुन्हा. यात अजून डाळ नाही, तेल नाही, लहानग्याचं दूध नाही, गोठ्यातल्या म्हशीची वैरण नाही.

पाणी ओसरलं की दुसरा हिशेब सुरू होतो, गाळाचा. पाचशे चौरस फुटांचं घर आणि आत अर्धा फूट गाळ. म्हणजे 250 घनफूट, बांधकामाच्या भाषेत अडीच ब्रास. अर्ध्या घनफुटाचं घमेलं घेतलं तर एका घरातून 500 घमेली बाहेर काढायची. घमेलं 20 किलोचं धरलं तरी दहा टन, एका घरातला एक ट्रक! तीनशे उंबऱ्यांच्या गावात तीनशे ट्रक. आणि तो गाळ नुसती माती नसतो. त्यात कणगीतली कोंब फुटलेली ज्वारी असते, पाणी पिऊन दगडासारखी जड झालेली वाकळ असते, पानं चिकटून लगदा झालेलं पोराचं गणिताचं पुस्तक असतं. हे सगळं उपसल्यावर मोकळ्या घरात चूल मांडायची ती नव्याने, पहिल्या पातेल्यापासून.

आता रुपयांकडे या, आणि जरा घट्ट धरून बसा. त्या वेळी राज्य सरकारने केंद्राकडे 6,813 कोटी रुपयांची मदत मागितली. त्यातले 4,708 कोटी एकट्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी. 6,813 कोटी! पाचशेच्या नोटा एकीवर एक रचल्या, नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर थप्पी जाते साडेतेरा किलोमीटर उंच. कळसूबाईच्या माथ्यावर कळसूबाई, त्यावर कळसूबाई, असे आठ डोंगर चढा. सेकंदाला एक रुपया मोजायला बसा, न जेवता, न झोपता. 2,159 वर्षं लागतील! 2019 मध्ये मोजणी संपवायची तर अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी कोरली जात होती, त्या काळात बसायला हवं होतं.

आणि आकडे वाढतच चालले आहेत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यासह राज्यभर अतिवृष्टीने झोडपलं. 68 लाख हेक्टरांवरच्या पिकांना तडाखा बसला, म्हणजे जवळजवळ नऊ कोल्हापूर जिल्हे मावतील एवढं शेत. ऑक्टोबरात सरकारने जाहीर केलेलं पॅकेज होतं 31,628 कोटींचं. सेकंदाला रुपया मोजणाऱ्याला इथे दहा हजार वर्षं लागतील!

छाती दडपली ना? मग आता 2019 चा तो आकडा भागून बघू. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. तिने 6,813 कोटींना भागा. माणशी 606 रुपये! आठ कळसूबाई एका क्षणात खिशात मावल्या. महिनाभर रोज वीस रुपये. बस्स, एवढंच!

2019 च्या पुरात तातडीची मदत ठरली ती ग्रामीण कुटुंबाला 10 हजार आणि शहरी कुटुंबाला 15 हजार रुपये. लता मंगेशकरांनी मुख्यमंत्री सहाय्यता निधीला 11 लाख दिले, आमिर खानने 25 लाख. दहा हजारांच्या हिशेबाने 11 लाखांत 110 घरं, 25 लाखांत 250 घरं. मोठ्या माणसांचं मोठं दान, त्याला मनापासून नमस्कार. पण आता लहान माणसांचं दान बघा. राज्यातल्या प्रत्येकाने फक्त एक रुपया दिला, तर 11 कोटी 24 लाख रुपये. 11,240 घरं! आणि प्रत्येकाने एक दिवस, एकच दिवस, एक चहा कमी घेतला आणि त्याचे दहा रुपये दिले, तर? 112 कोटी 40 लाख रुपये. एक लाख बारा हजार चारशे घरं! घरटी चारच माणसं धरली तरी साडेचार लाख माणसं. 2019 मध्ये घराबाहेर पडलेले चार लाख लोक यात बसतात, आणि पन्नास हजारांना पुरेल एवढं उरतं. एका दिवसात. एका चहात!

आणि वेळेचं गणित तर याहून मोठं. त्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि ट्रकच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, सगळं जागच्या जागी. पैसा मात्र फोनवरून सेकंदात पोचतो आणि तिथल्याच पलीकडच्या गावात पीठ, औषध, वैरण बनून उभा राहतो. सेकंदाला साडेपाच गाड्या पाणी येत असेल, तर मदतही सेकंदाच्याच हिशेबाने निघाली पाहिजे. म्हणून धोक्याच्या पातळीची बातमी येईल त्याच संध्याकाळी, पंचनामे होण्याची वाट न पाहता, अधिकृत निधीचा खाते क्रमांक नीट तपासून, आपले दहा रुपये पाठवा. शंभर जमले तर शंभर. आणि पाठवलेत की शेजाऱ्याला सांगा, कारण या हिशेबातला खरा मोठा आकडा दहा नाही, अकरा कोटी चोवीस लाख आहे.