ओल तीच, दाणा जास्त

मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या सोलापुरी पट्ट्यात रब्बी ज्वारी पेरली जाते तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. पुढचे चार महिने पीक वाढते ते मुख्यतः काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्यामुळे कोरडवाहू शेतीत 'पाऊस किती झाला' याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, मुरलेल्या पाण्यापैकी किती पाणी पिकाच्या कामी आले?

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, साधारण एक टँकर. समजा, पिकाच्या काळात २०० मिलिमीटर ओल खर्च झाली आणि हेक्टरी १२०० किलो धान्य निघाले, तर प्रत्येक मिलिमीटरमागे सहा किलो ज्वारी मिळाली. याला पाणीवापर कार्यक्षमता म्हणतात. पाऊस वाढवणे कुणाच्या हाती नाही. पण हा सहाचा आकडा वाढवता येतो.

शेतात मुरलेली ओल मुख्यतः दोन वाटांनी हवेत जाते. एक वाट पानांतून. पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि वाफ बाहेर पडते. हा खर्च टाळता येत नाही; त्याच्या बदल्यात पीक अन्न तयार करते. दुसरी वाट उघड्या जमिनीवरून. तिथून उडालेल्या पाण्याच्या बदल्यात दाणा मिळत नाही. त्यात तणे असतील तर तीही पिकाच्या वाट्याची ओल ओढतात. कोरडवाहू तंत्राचे सार एवढेच, की दुसरी वाट अडवायची आणि पाणी पहिल्या वाटेला लावायचे.

काळी जमीन भरपूर पाणी धरून ठेवते, पण सुकताना आकसते आणि तिला भेगा पडतात. भेगांतून खालच्या थरांतली ओलही उडू लागते. कोळपे फिरवले की भेगा बुजतात, तण मरते आणि वर भुसभुशीत कोरड्या मातीचा थर तयार होतो. हा थर खालच्या ओलीवर पांघरुणासारखे काम करतो. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण त्यातूनच आली. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करण्याची शिफारस आहे. शेवटची दातेरी कोळप्याने करतात, कारण तोवर भेगा पडू लागलेल्या असतात.

ओल वाचवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कधी खर्च होते हेही. दाट पेरलेले पीक सुरुवातीला हिरवेगार दिसते, पण पानांचा पसारा वाढून ते ओल लवकर संपवते. मग पीक निसवल्यावर, दाणा भरायच्या वेळी, मुळांना खाली काही सापडत नाही. कणीस बाहेर येते आणि दाणे मात्र बारीक राहतात. म्हणून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर राखायला सांगतात. विरळणी करताना जीव हळहळला, तरी उपटलेले रोप हे मागे राहिलेल्यांसाठी वाचवलेले पाणी असते.

खताचाही पाण्याशी संबंध आहे. उपाशी पिकाची मुळे उथळ राहतात, पाने जमीन लवकर झाकत नाहीत आणि ओल उघड्या मातीतून उडत राहते. म्हणून पेरतानाच बियाण्याखाली, ओलाव्यात खत पडणे गरजेचे असते.

या विषयाचा अभ्यास सोलापुरात जुना आहे. तेथील कोरडवाहू संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. मोहोळला निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ आजही शेतकऱ्यांच्या आवडीची आहे. मात्र एकच वाण सगळ्या रानांना चालत नाही. हलक्या जमिनीत ओल लवकर संपते. तिथे लवकर तयार होणारे वाण लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने म्हणूनच हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी विभागणी सुचवली आहे.

या सगळ्याला मर्यादा आहे. सप्टेंबरचा पाऊसच दगा देतो, तेव्हा नसलेली ओल कोळप्याने निर्माण होत नाही. त्यासाठी पेरणीआधीच, पावसाळ्यात, रानात वाफे पाडून प्रत्येक सर जागच्या जागी मुरवावी लागते. शेततळ्यात थोडे पाणी असेल, तर ते पेरणीनंतर महिनाभराने किंवा पीक पोटरीत असताना दिलेले एक संरक्षित पाणी म्हणून सर्वाधिक उपयोगी पडते.

ज्वारीच्या रानातून माणसांना भाकरी मिळते आणि जनावरांना कडबा. दुष्काळी तालुक्यात कडबा संपला, की दावणीची जनावरे बाजाराची वाट धरतात. तिथे वाचवलेल्या दहा-वीस मिलिमीटर ओलीचे मोल धान्याच्या पोत्यांपुरते राहत नाही.