कानात पडणारा आपलाच आवाज

घरच्या रेकॉर्डिंगसाठी ऑडिओ इंटरफेस घ्यायला निघालेला माणूस आधी १९२ किलोहर्ट्झवर अडकतो, कारण खोक्यावर तोच आकडा ठळक छापलेला असतो. एकट्या गळ्याला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुरतात, आणि तेवढं आज बहुतेक इंटरफेस देतात. निवड ठरते ती दुसऱ्याच दोन गोष्टींवर: माईककडून येणारा क्षीण सिग्नल किती आणि किती स्वच्छ वाढवता येतो, आणि गाताना आपला आवाज आपल्याच कानात कसा पडतो.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या गायिकेला घरी अभंग रेकॉर्ड करायचे होते. मी मित्रांचे दोन इंटरफेस मागून आणले आणि तिच्याच खोलीत, तिच्याच माईकवर लावून बघितले. दुकानात उभं राहून ‘हॅलो, चेक’ म्हटल्याने काही कळत नाही.

तिचा माईक शुअरचा एसएम५८, गणेशोत्सवाच्या मांडवापासून नाट्यगृहापर्यंत सगळीकडे दिसतो तोच. दणकट, पण सिग्नल अगदी बारीक. ज्या आवाजाला रोडचा एनटी१-ए हा कंडेन्सर माईक २५ मिलिव्होल्ट देतो, त्याच आवाजाला हा दोनसुद्धा देत नाही. हा फरक साधारण २२ डेसिबलचा, आणि तो इंटरफेसच्या गेननेच भरून काढायचा. म्हणून मॉडेलचं नुसतं नाव सांगून भागत नाही. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ला तिसऱ्या पिढीत माईकसाठी ५६ डेसिबल गेन होता, चौथ्या पिढीत तो ६९ झाला. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलणाऱ्याने हे बघून घ्यावं. कंडेन्सरवाल्याला एवढ्या गेनची चिंता नाही, त्याला फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, हवी. तिच्या ४८ व्होल्टची गोष्ट मजेशीर आहे. १९६६मध्ये नॉयमन कंपनी नॉर्वेच्या रेडिओसाठी माईक बनवत होती, आणि तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला.

“खर्जातला सा लावा,” मी म्हटलं. मग मध्य, मग तार सप्तकातली एक जोरकस जागा. गेन लावायचा तो या शेवटच्या जागेवर: मीटर उणे दहा-बारा डेसिबलच्या वर जाता कामा नये. खर्ज त्यामुळे मीटरवर अगदी खाली दिसतो आणि नवखा माणूस घाबरून नॉब फिरवतो. २४ बिटमध्ये तो नंतर खुशाल वाढवता येतो. तारस्वर एकदा फाटला की फाटला. एका इंटरफेसवर नॉब शेवटाकडे गेल्यावर हेडफोनमध्ये बारीक खरखर सुरू झाली, दुसऱ्यावर जवळजवळ नाही. मात्र छतावरचा पंखा चालू केला आणि दोघांतला फरकच बुडाला. ज्यांना पंखा बंद करवत नाही त्यांनी प्रीअ‍ॅम्पवर, म्हणजे गेन देणाऱ्या भागावर, जास्तीचे पैसे घालू नयेत.

मग हेडफोन. सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ सॅम्पलचा होता, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २१ मिलिसेकंद, आणि आवाजाला जाताना-येताना दोन्ही वेळा तेवढं थांबावं लागतं. अर्धी ओळ गाऊन ती थांबली. मी बफर १२८वर आणला. आता उशीर जाणवेना, पण तिचा चेहरा समाधानी नव्हता. “तानपुरा ठीक आहे, माझाच आवाज पोकळ लागतोय.” याला कारण आहे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून त्याच क्षणी ऐकू येतो. हेडफोनमधला काही मिलिसेकंद मागून आला की दोन्ही एकमेकांतल्या काही कंप्रता खाऊन टाकतात. मग गायक नकळत जोर लावतो, आणि सूर हलतो.

उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग: आवाज कॉम्प्युटरच्या वाटेला न जाता इंटरफेसमधूनच कानात. ते चालू करून सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर आवाज दुहेरी येतो. इथे दोन डब्यांतला खरा फरक दिसला. एकात डायरेक्टचं बटण स्टिरिओच होतं, त्यामुळे पहिल्या इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात. दुसऱ्यात मोनोची सोय होती, शिवाय तानपुरा आणि गळा यांचं प्रमाण ठरवायला वेगळा नॉब. माझ्या लेखी निवड तिथेच झाली.

“थोडा एको द्या ना,” ती म्हणाली. कार्यक्रमांत गाणाऱ्यांना कोरडा आवाज सोसत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरमधून मूळ आवाज न सोडता फक्त रिव्हर्ब सोडला. रिव्हर्ब थोडा मागून आला तर बिघडत नाही, तो तसाही मागूनच येतो.

एकच माईक असल्याने मी या दुसऱ्या डब्याच्याच मालिकेतला धाकटा, एका माईकचा इंटरफेस सुचवणार होतो. तिने विचारलं, “आणि पेटी?” धाकट्याचं दुसरं इनपुट गिटारचं किंवा लाइनचं असतं, त्यात माईक नीट चालत नाही. दोन माईकचाच मागवला.