धूर दिसत नाही म्हणून

धूम्रपानाच्या बाबतीत महाराष्ट्र हे मोठे सोवळे राज्य आहे, असे आकडे सांगतात. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या ७४ हजारांहून अधिक व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले. तेव्हा विडी, सिगारेट वा तत्सम काही ओढणाऱ्यांचे प्रमाण देशात १०.७ टक्के, मिझोराममध्ये ३४.४ टक्के आणि महाराष्ट्रात अवघे ३.८ टक्के भरले. एवढाच रकाना वाचून कोणी वही मिटली, तर हा रोग इतरांचा आहे, आपला नव्हे, असा त्याचा समज होईल.

त्याच वहीतला शेजारचा रकाना मात्र निराळे बोलतो. न ओढता तोंडात धरण्याची, चघळण्याची वा हिरड्यांना चोळण्याची जी तंबाखू, तिचे सेवन करणारे प्रौढ देशात २१.४ टक्के, तर महाराष्ट्रात २४.४ टक्के होते. पुरुषांत ३१.७ आणि स्त्रियांत १६.६. म्हणजे ज्या राज्यात शंभरात चारजणही ओढत नाहीत, तेथे शंभरात चोवीसजण चघळतात किंवा लावतात. ‘धूम्रपान’ हा शब्द आपण विलायतेकडून आलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून बनवला, आणि त्या शब्दात न बसणारे व्यसन आपल्या दृष्टीआड झाले.

वस्तुतः हा भेद मुंबईलाच सर्वांआधी उमगायला हवा होता, आणि शास्त्रज्ञांपुरता तो उमगलाही होता. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळेची उभारणी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना तोंडाच्या कर्करोगाचे येथील प्रमाण आरंभापासूनच जाणवत होते. लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० साली सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, त्यानंतर पाचच वर्षांनी संघवी, राव आणि खानोलकर यांचा मुंबईतील रुग्णांवरील निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे : चघळणाऱ्यांना धोका मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी व घशात. एकच वनस्पती, पण ती जेथे टेकते तेथे ती जाळते.

रुग्णालयाच्या दारातील गर्दी हा पुरावा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. टाटाच्या पदपथावर आसाम, बंगाल, बिहारमधून आलेली कुटुंबे बसलेली असतात. त्या गर्दीवरून मुंबईकरांच्या रोगाचे प्रमाण काढणे म्हणजे दादर स्थानकावरील गर्दीवरून दादरची लोकसंख्या काढण्यासारखे आहे. भाजक ठाऊक नसेल तर भागाकार होत नाही. तो भाजक मिळावा म्हणून इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. ठरावीक लोकसंख्येतील प्रत्येक नवा रुग्ण टिपणारी ही भारतातील पहिली नोंदवही. तिच्या आधारे डॉ. जस्सावाला यांनी दाखवले की, एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत रोगाची जागाही निरनिराळी असते. अग्नीला पवित्र मानून धूम्रपान वर्ज्य समजणाऱ्या पारशी समाजात तोंडाचा व घशाचा कर्करोग कमी, स्तनाचा मात्र अधिक. हवा तीच, पाणी तेच, ट्राम तीच. वेगळी होती ती सवय.

मग गिरणगावाची सवय चघळण्याची का झाली? प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्याने त्याला उत्तर दिसते ते वेळेच्या किमतीत. कापसाचा तंतू हवेत तरंगत असलेल्या खात्यात काडी ओढणे म्हणजे आगीला आमंत्रण. विडी ओढायची तर साचा सोडून बाहेर जावे लागणार, आणि साचा सोडणे म्हणजे जॉबरचे डोळे व पगाराला कात्री. तळहातावर चुन्यासह मळलेली चिमूट गालात ठेवली की हात मोकळे आणि साचा चालू. ज्याचा मिनिट स्वतःच्या मालकीचा नाही त्याला हेच व्यसन परवडते. भूक मारणे व पाळीत डोळा न लागणे हा वरचा लाभ. १८ जानेवारी १९८२ रोजी संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, लालबाग-परळात मनोरे उठले. चुन्याची डबी मात्र साच्याबरोबर भंगारात गेली नाही. ती रखवालदाराच्या, मालवाहू टेम्पोच्या चालकाच्या, हमालाच्या खिशात गेली, कारण त्यांचाही मिनिट त्यांचा नाही.

स्त्रियांची कथा याहून अवघड आहे. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबांबरोबर मिश्री आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू सकाळी दात घासायला, मग दाढ दुखते म्हणून, मग सहजच. ज्या घरात सुनेने सिगारेट हातात धरली तर आकाश कोसळेल, त्याच घरात सासू-सुना एका डबीतून मिश्री लावतात, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

नव्वदीच्या दशकात मुंबई शहरात, म्हणजे उपनगरे वगळून, एक विस्तृत पाहणी झाली. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदार याद्या हाती घेऊन, हातात मावणाऱ्या संगणकावर उत्तरे टिपत, पस्तीस वर्षे व त्यावरील सुमारे एक लाख स्त्री-पुरुषांना घरोघरी गाठले. पुरुषांत तंबाखू सेवन करणारे ६९.३ टक्के, ओढणारे त्यांपैकी २३.६, उरलेले केवळ चघळणारे. स्त्रियांत सुमारे ५७ टक्के, आणि त्या जवळजवळ सर्व न ओढणाऱ्या. आधीच्या आकड्यांशी हे जुळत नाही, असे वाटेल. पण येथे पोरेसोरे नाहीत. शिवाय श्रीमंतांच्या बंदोबस्तातील इमारती वगळाव्या लागल्या, कारण तेथे प्रश्नकर्त्याला दारातून आत घेत नाहीत! राज्याच्या सरासरीत मलबार हिल आणि लालबाग एकत्र कालवले जातात. या पाहणीत ते मिसळले नाहीत. शिक्षण जितके कमी तितकी तंबाखू अधिक, हेही तीत स्पष्ट दिसले.

याच लोकांचा पुढे साडेपाच वर्षे मागोवा घेतला गेला. कधीही तंबाखू न घेतलेल्या पुरुषांच्या मानाने सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘विडी साधी, पानाची, म्हणून निरुपद्रवी’ ही समजूत यानंतर टिकू नये. तरीही २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटवर उपकर बसला आणि विडी त्यातून सुटली. निपाणीचा शेतकरी, सोलापूर-सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायका यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर गरिबाला अधिक घातक वस्तू अधिक स्वस्त देणे हे असू शकत नाही.

प्रांताप्रांतांची तुलना करताना मात्र घाई नको. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सत्तरीपूर्वी कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता ईशान्य भारतातील तीस वर्षांच्या पुरुषास ११.२ टक्के, तर बिहार, झारखंड, ओडिशात ती तीन टक्क्यांहूनही कमी. बिहार-ओडिशात तंबाखू चघळणारे थोडे नाहीत. तेव्हा तंबाखूच्या टक्केवारीवरून रोगाची टक्केवारी सरळ त्रैराशिकाने निघत नाही. काय घेतले, कसे घेतले, किती वर्षे घेतले यांवर ती ठरते, आणि आजचा रोग हा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सवयीचा हिशेब असतो.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे नव्हे. २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून एकूण सेवन २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरवली, तरी २०१२ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली ती पुन्हा आली. पण टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी मिळू लागली व मिश्रण गिऱ्हाईकच तोंडात करू लागले. मिश्री तर घरच्या तव्यावर होते. तिच्यापर्यंत कुठला निरीक्षक पोहोचणार?

तोंड हा मात्र असा अवयव आहे की, त्यातील डाग बघायला विजेरी पुरते. केरळमधील एका मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ नजरेने तोंडे तपासली, आणि तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली जाहीर झाले. मतदार याद्या आणि जनगणनेसाठी चाळींचे जिने चढणारे बहुधा शिक्षक आणि कारकूनच असतात. वॉर्डनिहाय अशी पाहणी उद्या महापालिकेने हाती घेतली, तर जिने तेच चढतील. त्यांच्या प्रश्नावलीत ‘धूम्रपान करता का?’ याच्या खाली ‘तंबाखू खाता का?’ एवढे घालूनही भागणार नाही. मिश्री लावणारी बाई त्याला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण ती खात नाही. तिला ‘सकाळी दाताला काय लावता?’ असेच विचारावे लागेल.